अकराव्या प्रश्नाचं उत्तर

माझी बायको नगर-पाथर्डी रस्त्यावरच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात, अपघात विभागात सिस्टर होती. एकोणीस वर्षं तिने तिथे काढली. मी त्याच भागातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्या घरात वाचणारा मी आणि काम करणारी ती, असं ती पाहुण्यांना सांगायची. ते खरंच होतं. ती जाऊन आता सव्वा वर्ष झालं. हे लिहायला मी याआधी चार वेळा बसलो आणि चार वेळा उठलो. प्रत्येक वेळी फॉर्मपर्यंत आलो की पुढे जाता येत नसे. म्हणून या वेळी फॉर्मपासूनच सुरुवात करतो.

नगरच्या वैद्यकीय महाविद्यालयातली एक तरुण डॉक्टर पदव्युत्तर प्रबंधासाठी आमच्याकडच्या रुग्णालयांत फिरत होती. तिच्या अभ्यासाचे दोन भाग होते. पहिला जखमींचा: ऊसतोडणीला जाणाऱ्या गाड्यांचे अपघात, नागापूरच्या कारखान्यांत प्रेसखाली सापडलेले हात, मळणी यंत्रात गेलेली बोटं. त्याची माहिती तिला नोंदवह्यांतून मिळत गेली. दुसरा भाग या जखमींवर उपचार करणाऱ्यांचा होता. काम करता करता त्यांना स्वतःला काय काय इजा होतात, हे तिला हवं होतं, आणि त्याची नोंद कुठेच नव्हती.

नोंदवही होती. इन्चार्ज सिस्टरच्या कपाटात एक जाड वही होती, वर सुबक अक्षरात ‘कर्मचारी इजा’ असं लिहिलेलं. आत पानं कोरी. कारण त्या वहीत कुणाचं नाव गेलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात पत्र पडायचं: आपल्या निष्काळजीपणाबाबत लेखी खुलासा करावा. कायम असलेल्यांच्या फाइलला तो खुलासा चिकटून राही. ज्यांची नेमणूक अकरा-अकरा महिन्यांची, त्यांना पुढची ऑर्डर मिळताना अडचण येई. तेव्हा सुई टोचली तर साबणाने हात धुवायचा, पट्टी लावायची आणि गप्प बसायचं, असा त्या विभागाचा रिवाज पडला होता. कुणी तो ठरवला नव्हता. नव्या मुली आठवड्याभरात शिकून घ्यायच्या.

माझी बायको या मुलींना दुसरंही एक शिकवायची. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही. टोपण लावतानाच सुई सगळ्यांत जास्त टोचते. सुई सरळ नीडल कटरमध्ये घालायची आणि तोडून टाकायची. दरवर्षी नवी तुकडी आली की ती घरी आरशासमोर ते भाषण म्हणायची आणि मला विचारायची, “अहो, फार मास्तरणीसारखं होतंय का?” मी म्हणायचो, होतंय. तरी ती तसंच म्हणायची.

आणि ती स्वतः टोपण लावायची.

हे मला फार उशिरा कळलं. विभागातला ट्रे आणि कचरा उचलणाऱ्या एक मावशी होत्या. कुणीतरी कापसाखाली उघडी सुई ठेवून दिली होती, ती एकदा त्यांच्या तळहातात आरपार गेली. मावशींना कुणी खुलासा मागितला नाही, कारण मावशींची इजा मोजण्याचीही कुणाला गरज वाटली नाही. माझ्या बायकोने त्यांना तपासण्यांना नेलं, त्या निभावल्या. पण तेव्हापासून, कटर हाताशी नसेल तर ती सुईला टोपण लावूनच ट्रेमध्ये ठेवायची. कटर तर नेहमीच हाताशी नसायचा. आधीचा चोरीला गेला म्हणून नवा कटर आतल्या खोलीतल्या टेबलाला साखळीने बांधला होता.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. आमच्या भागातल्या वाड्यावस्त्या तेव्हा रिकाम्या होत असतात. त्या गुरुवारी सकाळी तोडणीला निघालेल्या माणसांनी भरलेला टेम्पो वळणावर उलटला आणि वीसेक माणसं एकदम आली. दोन खोल्यांच्या विभागात माणसं जमिनीवर निजवली होती. ती रक्ताचे नमुने काढत होती. कटरपर्यंत जायचं तर तीन जखमी ओलांडून जावं लागलं असतं. तिने टोपण लावलं. टोपणाच्या कडेवरून घसरून सुई डाव्या हाताच्या तर्जनीत गेली. ग्लोव्ह्ज होते, पण सुईपुढे त्यांचं काय चालणार. कुणाच्या रक्ताची सुई होती, हे तिला त्या गर्दीत सांगता आलं नसतं.

घरी आली तेव्हा मोरीच्या नळाखाली ती बराच वेळ हात धुत होती. मी वाचत होतो.

“काय झालं गं?”

“काही नाही. चुरचुरतंय जरा.”

मी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

रविवारी त्या डॉक्टर मुलीच्या अभ्यासाचे फॉर्म आले. म्हणजे आधीच आले होते, पण आठ पानांचे, बारीक टाइपातले, इंग्रजी. सिस्टर लोकांना ते वाचायला सवड नव्हती. “आमच्या घरी या सगळ्या, आमचे सर समजावून सांगतील,” असं माझ्या बायकोनेच सांगून टाकलं. दहा जणी होत्या, तिला धरून. अंगणात सतरंजी टाकली, पोहे झाले. इन्चार्ज सिस्टर खुर्चीवर, बाकीच्या खाली. मी प्रश्न मराठीत वाचायचा, त्या उत्तर द्यायच्या आणि मीच दहाही फॉर्मवर खुणा करायच्या, अशी पद्धत मी लावून दिली. मला ती फार सोयीची वाटली. फॉर्मवर नाव लिहायचं नव्हतं, फक्त वय आणि नोकरीची वर्षं.

“पाठदुखी. कधीच नाही, कधीकधी, नेहमी.”

“सर, नेहमीच्या पुढे काही रकाना आहे का?”

“तुला कशाची गं पाठदुखी? कालपर्यंत तर लग्नात नाचत होतीस.”

“म्हणून तर दुखतीये.”

“रुग्णाच्या नातेवाइकांकडून शिवीगाळ किंवा मारहाण,” मी वाचलं.

“शिव्याही मोजायच्या का सर? मग मागे कोरे कागद जोडा.”

“मारहाण तेवढी लिहा,” इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या. “शिव्या काय, आपला नाश्ताच आहे.”

असं हसतखेळत आम्ही दहा प्रश्न संपवले. अकरावा मी वाचला: गेल्या बारा महिन्यांत वापरलेली सुई तुम्हाला टोचली आहे का?

एकीने चहाचा कप उचलला, तो रिकामा होता. मग इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, “आपल्याकडे नाही बाई असलं काही. सगळ्यांचं नाही लिहा.” मी नऊ फॉर्मवर ‘नाही’च्या चौकटीत खूण केली. दहावा माझ्या बायकोचा. ती पोह्यांचं पातेलं घेऊन दारात उभी होती. डाव्या तर्जनीला पट्टी होती.

“तुझं?” मी विचारलं.

ती त्या मुलींकडे बघत होती. तिने ज्यांना शिकवलं होतं त्या मुली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मी आजही जसाच्या तसा सांगू शकतो, पण त्याचा उपयोग नाही. “नाही लिहा,” ती म्हणाली.

मी पट्टी पाहिली होती. गुरुवारचा नळ मला आठवत होता. तरी मी खूण केली.

त्या फॉर्मवर अकराव्या प्रश्नाखाली एक सूचना होती: उत्तर ‘नाही’ असल्यास थेट विसाव्या प्रश्नाकडे जा. मी गेलो. मधले आठ प्रश्न मी वाचलेच नाहीत. मी छापलेलं काहीही सोडत नाही. भेळीचा कागदसुद्धा सरळ करून वाचतो. ते आठ प्रश्न मी सोडले. त्यांत काय होतं ते नंतर मी इतक्या वेळा वाचलं आहे की पाठ झालं आहे. इजा झाल्यावर किती तासांत कळवलंत? रुग्णाच्या रक्ताची तपासणी झाली का? काविळीच्या लसीचे तिन्ही डोस घेतले होते का? पहिल्या चोवीस तासांत, किंवा निदान सात दिवसांच्या आत, प्रतिबंधक इंजेक्शन घेतलं का?

तिचे दोनच डोस झाले होते. तिसऱ्याच्या वेळी ती बाळंतपणासाठी माहेरी होती. पुढे ते राहूनच गेलं. आणि तो रविवार म्हणजे चौथा दिवस होता. ते प्रश्न मी नुसते मोठ्याने वाचले असते, तरी तिला ते ऐकू आले असते. दारातच तर उभी होती ती.

जानेवारीच्या शेवटी तिला अन्नाचा वास नकोसा झाला. मग थकवा. एक दिवस ड्युटीवरून लवकर घरी आली आणि म्हणाली, “डोळे बघा माझे.” निदान तिने स्वतःच केलं होतं, मला फक्त दाखवलं. शेजारच्या बाईंनी सांगितलं, नेवाशाकडे एका खेड्यात एक जण कावीळ उतरवतो. ती हसली. “त्याला म्हणावं, माझ्या विभागात ये, तिथे बऱ्याच जणांची उतरवायची आहे.”

आठ दिवसांत आम्ही नगरच्या एका मोठ्या रुग्णालयात होतो. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचले, तिच्या नोकरीबद्दल विचारलं आणि मग म्हणाले, “सिस्टर, कधी सुई टोचली होती?”

“हो,” ती म्हणाली. “टेम्पो उलटला त्या दिवशी.” आणि कटरचं, टोपणाचं, मावशींचं सगळं सलग सांगितलं. मी पहिल्यांदा तिथेच ऐकलं.

“कळवलं होतं?”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे अनेकदा वाटलं.

बाहेर आल्यावर डॉक्टर मला म्हणाले, “सगळ्यांचं एवढं बिघडत नाही. बहुतेक लोक बरे होतात. यांच्या लिव्हरने एकदम मान टाकलीय. त्या वेळी आठवड्याच्या आत आल्या असत्या तर इंजेक्शन देता आलं असतं.”

“आठवडा म्हणजे सात दिवस?” मी विचारलं.

“हो, सात दिवस,” ते म्हणाले. त्यांना वाटलं असेल, हा माणूस शिकलेला नाही.

पुढे अकरा दिवस. त्यातल्या आठव्या दिवशी मी आमच्या मुलाला तिच्यापाशी बसवून एस.टी.ने नेवाशाकडच्या त्या खेड्यात गेलो. रांगेत बसलो. माझ्यासारखेच बरेच होते, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. एका बाटलीत हिरवट रस मिळाला. तो पिशवीत घालून परत आलो, तोवर तिची ओळख गेली होती. कधी मला डॉक्टर समजायची, कधी वॉर्डबॉय. एकदा माझा हात घट्ट धरून म्हणाली, “टोपण लावलंय ना? मावशी येतील आता ट्रे न्यायला.” मी म्हणालो, लावलंय. तिने हात सोडला. त्यानंतर ती माझ्याशी काही बोलली नाही. बाटली मी मोरीत ओतली.

ती गेल्यानंतर पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर पांढऱ्या कपड्यांनी भरून गेलं होतं. वंदना झाली, लोक बोलले, जेवणं झाली. सगळे गेल्यावर मावशी राहिल्या होत्या. भिंतीशी बसून होत्या.

“त्या टोपान लावायच्या,” त्या म्हणाल्या. “मला म्हाईत हुतं. बाकीच्यांस्नी म्हाईत न्हाई, पर मला म्हाईत हुतं. मी कदी म्हनले न्हाई, बाई, लावू नका. मला बरं वाटायचं, सर.”

मी त्यांना काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. त्यांना निदान बोलता आलं, याचा मला हेवा वाटला.

महिनाभराने मी नगरला त्या डॉक्टर मुलीकडे गेलो. काय मागायचं ते मी बसमध्ये मनात नीट मांडून ठेवलं होतं. तिच्या विभागात एका लांब टेबलावर गठ्ठे लावलेले होते, रुग्णालयावार. सुईचं आणि आजारपणाचं मी सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं आणि शेवटपर्यंत ऐकलं.

“तो फॉर्म बदलायचा आहे,” मी म्हणालो. “अकराव्याचं उत्तर हो आहे.”

“सर, उत्तर ज्याचं त्यानेच बदलायचं असतं. त्या जर स्वतः…” ती थांबली. कानापर्यंत लाल झाली. “सॉरी सर.”

“खूण मी केलेली आहे. माझ्या हाताची आहे.”

“म्हणूनच तर बदलता येत नाही. आता तुम्ही बदललीत तरी ती तुमचीच होणार ना? वगळता येईल. फॉर्म सदोष म्हणून बाजूला काढता येतो. मग त्या अभ्यासात नसतील.”

“म्हणजे एक तर ती खोटी आहे, नाही तर ती नाहीच.”

तिने मान खाली घातली. मी गठ्ठा बघू का विचारलं. तिने थोडा विचार केला, दार लोटून घेतलं आणि आमच्या रुग्णालयाचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. नावं नव्हतीच. दहाही फॉर्मवर माझीच खूण, एकसारखी, चौकटीच्या बरोबर मध्ये. वय आणि एकोणीस वर्षं बघून मी तिचा काढला. मग एक एक करून बाकीचे नऊही पाहिले. अकराव्या प्रश्नाला सगळीकडे नाही. टेम्पो, जीप, प्रेस, मळणी यंत्र. वर्षभर रक्त वाहत असलेला विभाग, आणि दहा बायकांत एकीलाही सुई टोचलेली नाही.

“मला तेव्हाच विचित्र वाटलं होतं,” ती म्हणाली. “पण फॉर्म इतके नीट भरलेले होते. मी प्रबंधात लिहिलंय की या रुग्णालयातली शिस्त इतरांनी पाहण्यासारखी आहे.”

मी तिला सांगितलं की हे दहाही फॉर्म माझ्या अंगणात, एकमेकींसमोर, इन्चार्ज सिस्टर समोर बसलेल्या असताना भरले आहेत. यातला कुठलाच खरा धरू नकोस. पुन्हा भरून घे. तिचं काम महिनाअखेरीस द्यायचं होतं. ती रडकुंडीला आली होती, मला दिसत होतं. मी तिच्याकडे काय मागत होतो, तेही मला कळत होतं. शेवटी ती म्हणाली, “फॉर्म मराठीत करून देते. बंद पाकिटात. पण सर, तुम्ही तिथे बसायचं नाही.”

“फक्त सांगायला जातो. एकदाच.”

मी गेलो. नऊ जणी सिस्टर रूममध्ये जमल्या. फॉर्म पुन्हा भरायचे, या वेळी एकेकटीने आणि बंद पाकिटात, असं मी सांगितलं.

“सर, तुमचं दुःख आम्हाला कळतं,” इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या. “मी तिच्याबरोबर चौदा वर्षं काढलीत. पण या मुलींच्या ऑर्डरी अकरा महिन्यांच्या असतात. उद्या तुम्ही नसाल इथे, मी असेन.”

“आणि लिहून ताई परत येणार आहेत का?” मागून एक म्हणाली. रागाने नाही, खरंच विचारल्यासारखं.

नाही, येणार नाही. मी ते मोठ्याने म्हणालो की मनात, ते आठवत नाही. मी एवढंच म्हणालो की फॉर्म भरा किंवा नका भरू, पण सात दिवस लक्षात ठेवा. सात दिवसांच्या आत. मग पाकिटं टेबलावर ठेवून निघालो.

एस.टी.च्या थांब्यावर उभा होतो, तर त्यांच्यातली सगळ्यांत लहान सिस्टर मागून आली. ओढणी तोंडाला गुंडाळलेली, उन्हासाठी असेल किंवा कुणी ओळखू नये म्हणून.

“सर, ते सात दिवस,” ती म्हणाली. “आजचा दिवस धरायचा का त्यात?”

“कधी टोचली?”

“परवा. कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये हात गेलेला पेशंट होता. ताईंनी लाख वेळा सांगितलं होतं सर, तरी मी टोपण…”

“तो कुठाय पेशंट?”

“नगरला हलवलाय.”

नगरकडे जाणारी बस आली. मी तिला काही विचारलं नाही, नुसतं चढायला सांगितलं. डॉक्टर मुलीला फोन केला. नगरला पोचेपर्यंत तिने पेशंट शोधून ठेवला होता. साठीतला शेतकरी, उजवा हात पांढऱ्या पट्ट्यांत. त्याच्या रक्ताची तपासणी करायला त्याची परवानगी हवी होती. आम्ही तिघंही अवघडून उभे. त्याने सिस्टरला लगेच ओळखलं.

“घ्या की,” तो म्हणाला आणि डावा हात पुढे केला. “हितं लई जणांनी घेतलंय, तुमी बी घ्या. तुमी तर त्या दिवशी माझी लई बडबड ऐकून घेतली, बाई. मी शिव्या दिल्त्या का तुमाला?”

“दिल्या होत्या,” ती म्हणाली.

“मंग तर घ्याच.”

आम्ही तिघं व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. लसीचे तिन्ही डोस घेतले आहेत, असं सिस्टर म्हणाली, पण कार्ड घरी होतं, गावी, खात्री नव्हती. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मी समोरच्या भिंतीवरचा हात धुण्याच्या पद्धतीचा तक्ता वाचत होतो. सात चित्रं होती. पुन्हा पुन्हा तीच वाचली.

रिपोर्ट आला. त्याच्या रक्तात काहीच नव्हतं. कावीळ नाही, बाकीच्या दोन्ही तपासण्या स्वच्छ. इंजेक्शनची गरजसुद्धा नव्हती. डॉक्टर मुलीने तिला मिठी मारली. ती एकदम हसायला लागली आणि मग तिला रडू फुटलं.

मी इथे खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहितो. मला आनंद झाला नाही. मला त्या पोरीचा राग आला. तीच चूक, तेच टोपण, तशीच सुई; आणि हिला काही नाही. हिने थांब्यावर येऊन विचारलं, आणि हिला काही झालेलंच नव्हतं. माझ्या घरात बोट धुतलं जात होतं तेव्हा मी वाचत बसलो होतो. मी उठून नळावर गेलो आणि तोंड धुतलं. परत आलो तर तिने माझ्यासाठी चहा आणून ठेवला होता.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. चांदबिबीचा महाल मागे पडला, करंजीच्या अलीकडे ती म्हणाली, “सर, मग आता ते फॉर्ममध्ये लिहायला नको ना? काही निघालंच नाही तर.”

घाट सुरू झाला. मग मी तिला सांगितलं. त्या रविवारचं सांगितलं. पट्टी मी पाहिली होती, हे सांगितलं. ताई दारात उभ्या होत्या तेव्हा तू सतरंजीवर कुठे बसली होतीस, तेही सांगितलं. मधले आठ प्रश्न मी सोडले, हे सांगितलं. हे मी तोवर कुणालाही, माझ्या मुलालाही, सांगितलं नव्हतं. डॉक्टर मुलीला मी खूण माझी आहे एवढंच म्हणालो होतो. मला माहीत होतं, हे म्हणालो नव्हतो.

ती ऐकत होती. तिने सांत्वन केलं नाही. “मी बघत होते तेव्हा ताईंकडे,” ती म्हणाली. “पट्टी मलाही दिसली होती सर.” तिचा थांबा आला, ती उतरली आणि रुग्णालयाच्या फाटकातून आत गेली.

दोन आठवड्यांनी डॉक्टर मुलीचा फोन आला. मी ग्रंथालयात होतो, पुस्तकांची मोजणी चालली होती. नऊही पाकिटं आली होती. त्यांत काय निघालं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. शिस्तीबद्दलचं वाक्य आपण काढून टाकलं आहे, एवढं ती म्हणाली. जुने नऊ फॉर्म रद्द केले.

“सर, दहाव्याचं काय करू?” तिने विचारलं. “मी काहीच केलेलं नाही त्याचं. तुम्ही सांगाल तसं.”

ठेवला असता तर माझी बायको मोजली गेली असती: एक स्त्री, एकोणीस वर्षं नोकरी, सुई कधी टोचली नाही. मोजणीचं रजिस्टर माझ्या पुढ्यात उघडं होतं. जे पुस्तक कपाटात सापडत नाही, त्याच्यापुढे आम्ही ‘गहाळ’ लिहितो. इतकी वर्षं मी तो शब्द सहज लिहीत आलो होतो.

“वगळा,” मी म्हणालो.

“नक्की?”

“हो.”

पलीकडे तिने फोन बाजूला ठेवला. गठ्ठ्याची दोरी सोडल्याचा आवाज आला, मग एक एक कागद उलटल्याचा. ती शोधत होती. वय सांगा सर, असं ती म्हणाली, आणि मी तिचं वय सांगितलं.